कलाकाकूंना दहापैकी दहा

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी थोडं पुढं सरका, खांबाआड बसलेल्यांना दिसू द्या. पेटीवाले दादा, एवढा सूर धरून ठेवा आणि मग हात काढा. आज आख्यानाला पेटी नको.

एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातच द्या, शेजाऱ्याकडे बघून देऊ नका! माणूस हळूहळू हरवत चाललाय, हे सगळ्यात आधी कुणाला दिसायला हवं? जो जवळ बसतो त्यालाच ना? ज्याच्या ताटात तो माणूस भाकरी वाढतो, त्यालाच ना? मग मला सांगा, त्यालाच ते सगळ्यात शेवटी का दिसतं?

आज पुराणातली कथा नाही. राजा नाही, ऋषी नाही, शाप नाही. शाप असता तर बरं झालं असतं हो, शापाला उःशाप तरी असतो! ही कथा आहे द्राक्षाच्या सालीची, दहा शब्दांची आणि नवरा-बायकोची. ऐकीव नाही. एका टेबलाच्या अलीकडे मी बसलो होतो आणि पलीकडे या कथेतली बायको बसली होती. तुम्हाला ठाऊक आहे, वडिलांची ही वीणा गळ्यात घालण्याआधी मी दोन वर्षं एका प्रयोगात नोकरी केली. त्या प्रयोगातली ही कथा.

गाव तासगाव पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून जिवंत आहेत. चहूकडे द्राक्षबागा, काळी द्राक्षं. काळं द्राक्ष सालीसकट चावून खाल्लंत की जीभ कशी होते? तुरट! जांभूळ खाल्लं की? जांभळी! हां, पुढच्या ओळीतल्या आजी जीभ काढून दाखवू नका, माझा विश्वास आहे. तर तो तुरटपणा आणि तो रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, त्यांना शास्त्रात पॉलिफिनॉल म्हणतात. शास्त्रज्ञांच्या मनात आलं, म्हातारपणी माणूस विसरतो, तर हा फळांचा अर्क रोज पोटात गेला तर आठवण टिकेल का? काही ठिकाणी थोडा फरक दिसला होता, काही ठिकाणी काहीच नाही. खरं काय ते कळावं म्हणून प्रयोग.

आता प्रयोगाची रीत ऐका, नाहीतर कथा कळायची नाही. शंभर म्हातारी माणसं. पन्नास जणांच्या कॅप्सूलमध्ये द्राक्ष-जांभळाचा अर्क. आणि उरलेल्या पन्नास जणांच्या? तांदळाचं पीठ! बाहेरून दोन्ही सारख्या. कुणाला काय मिळालं ते घेणाऱ्याला माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. का? तर आशेनंच माणसाला अर्धं बरं वाटतं. आशा किती आणि औषध किती, हे वेगळं करायचं असतं.

आणि दर तीन महिन्यांनी परीक्षा. मी दहा शब्द वाचणार. मग वीस मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा. मग विचारणार, “सांगा, मघाचे शब्द कोणते?” जितके आठवले तितके गुण. शब्दांच्या याद्या आमच्याकडे तीनच होत्या, त्या आलटून पालटून वापरायच्या. ‘तीनच’ हे लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये एक जोडपं आलं. पुढं धोतर-टोपी, हातात काठी. जमदाडे गुरुजी. अडतीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी. चौथीची स्कॉलरशिप म्हणजे गुरुजींची! त्यांच्या हाताखालचं पोर नापास झालं असं त्या गावात कुणी पाहिलेलं नाही. आणि मागं कलावती. कलाकाकू. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. दारातून आत आल्या, खुर्चीपर्यंत आल्या. मला एक खोड आहे मंडळी, मी मोजतो. दारापासून खुर्चीपर्यंत काकूंनी अकरा पावलं टाकली.

मी यादी वाचली. “घागर, दोरी, मोर, खिडकी, साबण, पाऊस, कुलूप, पेरू, घोडा, दिवा.”

काकू म्हणाल्या, “आनी मीठ?”

“मीठ कुठलं काकू?”

“आवो, एवढा बाजार सांगितलासा आनी मीठ न्हाई सांगितलं!”

हसलो सगळे. गुरुजी नाही हसले.

वीस मिनिटांनी विचारलं. काकू म्हणाल्या, “दिवा. घोडा. घागर… मोर हुता न्हवं? साबन. आनी… दोरी.” सहा. हे लक्षात ठेवा, ओळीने नाही सांगितले. शेवटचे आधी, पहिले मग, मधले गळाले. माणसाला खरोखर आठवतं तेव्हा ते असंच आठवतं, विस्कटून!

आमच्या डॉक्टर मॅडमनी कागद बघितला आणि गुरुजींना बाजूला घेऊन नियम सांगितला. “गुरुजी, सहा म्हणजे काठावर आहेत. पाचच्या खाली गेल्या तर आम्हाला त्यांना प्रयोगातून काढावं लागेल. मग मोठ्या दवाखान्यात पाठवू, डोक्याचा फोटो काढू, का विसरतात ते शोधू.”

वाक्यं तीन. गुरुजींना ऐकू आलं एकच, काढावं लागेल!

मंडळी, गुरुजींच्या घरातलं आम्हाला तेव्हा काय ठाऊक? भाजीत मीठ दोनदा पडत होतं. इचलकरंजीच्या लेकीचं, वैजूचं नाव जिभेवर येईपर्यंत काकू ‘अगं ही, अगं ती’ करत होत्या. गुरुजी आतून हादरले होते. आणि आता कुठं ही कॅप्सूल हाती लागली होती. शहरातून आलेली, डॉक्टरांनी दिलेली! ही बंद झाली तर? नापास झाली तर औषध बंद. म्हणजे काय करायचं?

काय करतो मास्तर? तुम्हीच सांगा. अभ्यास घेतो!

पण पेपर कुठून आणायचा? अहो, अडतीस वर्षं परीक्षेच्या हॉलबाहेर उभा राहिलेला माणूस तो! पोर बाहेर आलं रे आलं की पहिला प्रश्न, “काय आलं होतं?” हॉलबाहेरच्या पारावर गुरुजी वही घेऊन बसले. आत गेलेला म्हातारा बाहेर आला की, “आप्पा, काय आलं होतं?” “मला चारच आठवतात गुर्जी, घागर हुती…” दुसरी म्हातारी आली, तिच्याकडून आणखी तीन. सहा महिन्यांत तिन्ही याद्या वहीत पूर्ण!

आणि एकट्या काकूच कशाला? पारावर वर्गच भरला. ऐंशीचा आप्पा म्हेत्रे नातवाच्या पाटीवर शब्द लिहून पाठ करतोय! आक्का तोडकर दळण दळायला निघाली तरी पुटपुटतेय, घागर-दोरी-मोर! चौथ्या खेपेला आमचे आकडे बघा, सगळं गाव हुशार! ज्यांच्या कॅप्सूलमध्ये पीठ होतं तेही दहापैकी नऊ, दहापैकी दहा! तांदळाच्या पिठाला एवढी बुद्धी आजवर कधी आली नव्हती!

हसा. हसून घ्या. पुढे नाही हसायचं.

आता त्या घरात चला. हे मला नंतर गुरुजींनीच सांगितलं. सकाळी चहा झाला की गुरुजी ओसरीवर बसायचे, समोर काकू. हातात लाकडी पट्टी. गुरुजी पट्टी पायरीच्या दगडावर वाजवायचे, टक. एका टक्‌ला एक शब्द.

“हं, कला. पहिली यादी.” टक.

“घागर.” टक. “दोरी.” टक. “मोर…”

“हं?”

“अवो, ऐका न्हवं. ह्ये पाय बगा माजं. उचलतच न्हाईत. कुनीतरी जमिनीला चिकटवून ठेवल्यावानी हुतंय.”

“गुडघे असतील. पायांचं नंतर. मोर, पुढं?”

“खिडकी.”

दुपारी पुन्हा. संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा. रोज तीन वेळा. आणि रोज कधीतरी काकू थांबायच्या. “अवो, मला तुमास्नी एक सांगायचंय. लाज वाटती वो सांगाया.” आणि गुरुजी म्हणायचे, “आधी यादी पुरी कर. मग सांग.” यादी पुरी होईपर्यंत काकू विसरलेल्या असायच्या, काय सांगायचं होतं ते!

वैजू आली एकदा माहेरी. चार दिवस राहिली. आईची लुगडी धुवायला घेतली, ती तशीच बादलीत टाकली. मग वडिलांना म्हणाली, “बाबा, आईला मोठ्या दवाखान्यात दाखवू या. चालताना बघितलंत का तिला? आणि अंथरूण ओलं असतं. ती लपवतीय.”

गुरुजींनी कपाटातून कागद काढला. “हे बघ. डॉक्टरांचा कागद आहे. मागच्या खेपेला आठ, या खेपेला दहा! चढतोय आकडा! औषध लागू पडलंय आणि तू अपशकुन करतेस?”

“बाबा, तिनं मला काल ‘वहिनी’ म्हटलं.”

“घाईत म्हटलं असेल.”

मंडळी, तो कागद माझ्या सहीचा होता.

आता माझं ऐका. इतका वेळ गुरुजींचं ऐकलंत, आता माझं. दुसऱ्या खेपेला काकू दारापासून खुर्चीपर्यंत आल्या, चौदा पावलं. तिसऱ्या खेपेला अठरा. तीच खोली, तीच खुर्ची, मी हललो नव्हतो, दार हललं नव्हतं! पाय उचलत नव्हते, घसटत होते. चौथ्या खेपेला तेवीस. मला दिसत होतं. मी मनात मोजत होतो. पण मंडळी, माझ्या फॉर्मवर शब्दांचा रकाना होता, पावलांचा रकाना नव्हता! आणि जे रकान्यात बसत नाही, ते मी लिहिलं नाही.

आणि दुसरं. काकू आता शब्द ओळीने सांगायच्या. घागरीपासून दिव्यापर्यंत, एका ठेक्यात, पाढे म्हटल्यासारखे. मघाशी काय म्हणालो मी? खरी आठवण विस्कटून येते. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, माझ्या वहीत लाल शाईने अधोरेखित होतं! मग मी का बोललो नाही? कारण आकडा चांगला येत होता. मॅडम खूश होत्या. मी स्वतःला सांगितलं, सरावाचा परिणाम असेल. गुरुजी म्हणाले गुडघे असतील, मी म्हणालो सराव असेल. दोघेही शिकलेले!

आली पाचवी खेप. शेवटची. काकूंना गुरुजींनी धरून आणलं. सव्वीस पावलं. मी शब्द वाचले, पुन्हा पहिलीच यादी. वीस मिनिटं गप्पा मारायच्या, पण गप्पा कशाच्या? काकू नुसत्या बघत होत्या. मी विचारलं, “काकू, आज काय स्वयंपाक?” त्या हसल्या. मायेनं हसल्या, कुणीही परका पाहुणा आल्यावर हसावं तशा.

वीस मिनिटं झाली. “सांगा काकू, कोणते शब्द होते?”

काही नाही.

“काकू? एखादा तरी?”

काही नाही! माझी पेन्सिल शून्यावर टेकली. आणि मंडळी, त्या शून्यात काकूंची सुटका होती! शून्य लिहिलं असतं तर नियमाप्रमाणं दुसऱ्या दिवशी गाडी, मोठा दवाखाना, डोक्याचा फोटो. तेवढ्यात बाहेरून, खिडकीच्या दगडावर, आवाज आला. टक.

काकूंचे ओठ हलले. “घागर.”

टक. “दोरी.” टक. “मोर.” टक. “खिडकी…”

दहाच्या दहा! मी खिडकीकडे बघितलं. गुरुजींचं तोंड पलीकडे होतं, काठीचं टोक तेवढं दगडावर होतं. मी पेन्सिल उचलली आणि लिहिलं, दहा.

लिहिलं मी! का लिहिलं? त्या म्हाताऱ्याची दया आली म्हणून? की बाकीच्या सगळ्या कागदांवर दहा होते आणि मला माझा तक्ता सारखा दिसायला हवा होता? आज इतक्या वर्षांनीही मला नक्की सांगता येत नाही.

काकू उठल्या. दारापर्यंत घसटत गेल्या आणि उंबऱ्यापाशी पाय चिकटला. पडल्या. मॅडम आतल्या खोलीतून धावत आल्या. काकूंना बसवलं. जमीन ओली झाली होती आणि काकू पदरानं ती पुसायला बघत होत्या. मॅडमनी ते बघितलं. पाय बघितले. त्यांना वर्षभरात काकूंचे कागद दिसले होते, चालताना काकू दिसल्या नव्हत्या. “हे असं चालणं किती दिवस?”

गुरुजी बाहेरून धावत आले, म्हणाले, “पण मॅडम, दहापैकी दहा आले!”

“गुरुजी, मी चालण्याचं विचारतेय. लघवीचं किती दिवस? आणि विसरणं?”

“दहा आले हो मॅडम. ह्यांना विचारा.” आणि माझ्याकडे बोट.

मी खाली बघितलं. मग सगळं सांगितलं. पावलं, ओळ, खिडकी, काठी. एका श्वासात, जे मी वर्षभर हप्त्याहप्त्यानं सांगू शकलो असतो.

काय झालं होतं काकूंना? डोक्यात पाणी. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत आणि मेंदूभोवती पाणी असतं, ते वाहून जातं. काही म्हाताऱ्या माणसांत ते वाहायचं मंदावतं, साठत जातं, मेंदूला आतून दाबतं. बहुतेकदा आधी पाय चिकटतात. मग लघवीवरचा ताबा जातो. मग आठवण. आणि विसरण्याची कितीतरी कारणं असताना हे त्यातलं असं कारण आहे की ज्यावर इलाज आहे! एक बारीक नळी घालायची, पाणी पोटाकडे वळवायचं. मात्र वेळेवर. लवकर आणलं तर माणूस चालत घरी जाऊ शकतो, बोलत जाऊ शकतो. उशीर झाला की पाय थोडे परत येतात, माणूस येईलच असं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, “आठ-दहा महिन्यांपूर्वी का नाही आणलंत?”

मंडळी, दहा महिन्यांपूर्वी तर अभ्यास सुरू झाला होता!

बघा मंडळी, बघा! मॅडमनी काय सांगितलं होतं? पाचच्या खाली गेल्या तर प्रयोगातून काढू आणि मोठ्या दवाखान्यात पाठवू. गुरुजी ज्याला नापास म्हणत होते, तोच बाहेर पडायचा दरवाजा होता. आणि हा माणूस वर्षभर, दिवसातून तीनदा, जीव तोडून, प्रेमानं, तो दरवाजा आतून लावत होता!

आणि कशासाठी? कॅप्सूल बंद होऊ नये म्हणून. प्रयोग संपल्यावर कुणाला काय दिलं होतं त्याचा कागद उघडला. काकूंचा डबा कोणता निघाला?

तांदळाचं पीठ.

आणि समजा अर्क असता तरी? द्राक्षाची साल डोक्यातलं पाणी उपसत नाही हो! आणि त्या अर्कात आठवणीसाठी काही गुण आहे की नाही, तेही त्या गावातून कळलं नाही. आमचे सगळे आकडे वगळावे लागले. सगळं गाव दहापैकी दहा! त्या आकड्यांवरून कुणाला काय सांगणार?

नळी घातली. नवव्या दिवशी काकू कठड्याला धरून चालल्या. दारापर्यंत बारा पावलं. मी मोजली. गुरुजींच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, वैजूचा हात धरून म्हणाले, “चालली! बघ, चालली! आता बोलेल.”

सकाळची वेळ, दहाची. मोठे डॉक्टर खाटेशी आले. गुरुजी पलीकडे उभे, एक हात खाटेच्या लोखंडी दांडीवर. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, हे कोण उभे आहेत?”

काकूंनी गुरुजींकडे बघितलं. बेचाळीस वर्षांचा संसार.

“आजी? सांगा बरं. कोण आहेत हे?”

काकू बघत राहिल्या. वैजू म्हणाली, “आई, सांग की!” आणि भीतीनं, निव्वळ भीतीनं, गुरुजींचं बोट त्या लोखंडी दांडीवर वाजलं. त्यांना स्वतःलाही कळलं नाही.

टक.

काकूंचा चेहरा उजळला! मंडळी, खरंच उजळला. बसल्या जागी ताठ झाल्या. आणि म्हणाल्या, “घागर. दोरी. मोर. खिडकी. साबन. पाऊस. कुलूप. पेरू. घोडा. दिवा.”

दहाच्या दहा. मग गुरुजींकडे बघून, पोरगी फळ्यापाशी उभी राहून विचारते तशी विचारलं,

“बरोबर आलं का, गुर्जी?”

‘अहो’ नाही. गुर्जी.

डॉक्टर कागदावर लिहीत होते ते थांबले. गुरुजींनी दांडी दोन्ही हातांनी धरली. अडतीस वर्षांत हजार पोरांना म्हटलेला एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता. तो त्यांनी म्हटला.

“शाबास.”

काकू हसल्या. आणि खिडकीकडे बघू लागल्या. त्यानंतर त्या पावणेदोन वर्षं जगल्या. गुरुजींनी पट्टी चुलीत घातली. रोज सकाळी ओसरीवर तिच्यासमोर बसायचे आणि विचारायचे, “कला, तुला मला काहीतरी सांगायचं होतं ना? लाज वाटते म्हणाली होतीस. सांग. यादी नको. तेच सांग.” काकू विचार करायच्या. खूप विचार करायच्या बिचाऱ्या. आणि घागरीपासून सुरू करायच्या.

दादा, पेटी अजून नको.

आता हसणारे गप्प झालात. गुरुजींवर रागावू नका. त्यांच्याइतकं प्रेम तुमच्या-माझ्या घरात आहे का, ते आधी बघा. मी तुम्हाला विचारतोय. तुमच्या घरात कोण आहे, ज्याचं बोलणं तुम्ही ‘नंतर’वर टाकलंय? सासू सांगतेय पाय जड झालेत, तुम्ही डब्यातलं टॉनिक पुढं करताय. बाप काहीतरी सांगायला सुरुवात करतो आणि तुम्ही म्हणता, आधी गोळी घ्या! फळं खाऊ घाला, जरूर घाला. द्राक्षं घाला, जांभळं घाला. पण ती चघळत म्हातारी काय बोलतेय, ते ऐकायला कुणी बसलंय का समोर?

आपण इथे रोज नाम घेतो. का घेतो? शेवटच्या वेळी तेच तोंडात यावं म्हणून. सराव केलेलं शेवटी तोंडात येतं, हे खरंच आहे. मी ते डोळ्यांनी बघितलं. एवढंच की त्या बाईला कशाचा सराव करून दिला होता? आणि तुमच्या घरातल्या माणसाला तुम्ही कशाचा सराव करून देताय? गप्प बसण्याचा?

गुरुजींना मी मागच्या वर्षी भेटलो. पारावर एकटे बसले होते. मी पाया पडलो. म्हणाले, “बाळ, तू मोजायचास ना पावलं? मग तेव्हा सांगितलं का नाहीस?”

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. म्हणून गावोगाव ही कथा सांगत हिंडतो.

आज शेवटी जयजयकार नको. टाळ खाली ठेवा. उठताना घाई करू नका. तुमच्या शेजारून जे म्हातारं माणूस उठेल, ते दारापर्यंत किती पावलांत जातंय, तेवढं फक्त बघा.